नवं मशीन येईपर्यंत

हसू नका, पण लॉकडाउनमध्ये मला आणि ऑफिसातल्या दोघा मित्रांना मेटल डिटेक्टरचं वेड लागलं होतं. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनजवळच्या शेतांत हिंडून आमची एकूण कमाई म्हणजे ट्रॅक्टरचे गंजके बोल्ट. पण आम्ही मागवलेलं नवं मॉडेल येणार होतं! रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सोनं आणि बाटलीचं पत्र्याचं झाकण वेगळं ओळखेल का? पाण्यात चालेल का?

तेवढ्यात बायकोची सोन्याची कुडी बागेतल्या वाफ्यात पडली.

"तुझं जुनं मशीन काढ की."

"छे! त्याला खिळा आणि सोनं सारखंच. नवं येऊ दे, मिनिटात शोधतो."

आठवड्याभराने दुकानाची मेल आली. मी ती कॉलवर मोठ्याने वाचली, "चिपच्या तुटवड्यामुळे मशीन यायला उशीर होईल."

तिघांनीही कॅमेरे बंद केले. कारण आम्ही तिघंही चिप बनवायच्या मशीनवरच काम करतो.

मागून बायको म्हणाली, "मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?" आणि बागेत निघून गेली.

थोड्या वेळाने आली ती एका हातात कुडी आणि दुसऱ्या हातात मातीने भरलेली चाळण घेऊन.

"अगं, ही पिठाची चाळण!" मी ओरडलो.

"हो. हिला चिप लागत नाही."