अप्पाचा पाय, करियाचा पाय

माझं नाव नागाबाई. माहेर औरादकडचं, आन् लगीन होऊन आले ती हितं, बीदर जिल्ह्यात, खटकचिंचोळीच्या जवळ. आमी धनगर, आता मेंढरं कुठली हो, आता दुसऱ्याच्या रानात तुरी खुरपायला जाताव, पर मी आले तवा सासऱ्याचा मोठा कळप व्हता, आन् कळप मनला की जखमा आल्याच बगा, कुणाला तार लागली, कुणाला काटा, कुणाला लांडग्यानं ओढलं. सासूनं मला सैपाकाच्या आधी औषध वाटायला शिकवलं. खरं सांगायलेय ताई, हसू नका.

औषध मंजे काय, कडूलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं जखम धुयाची, किडे पडले असले तर सीताफळाचा पाला वाटून रस पिळायचा, वरून फडकं बांधायचं, किडे गुदमरून वर येत्यात, ते काडीनं काढायचे, मग करडीच्या तेलात हळद कालवून लावायची. मी वाटायची आन् मल्लूचे अप्पा बांधायचे. मल्लू मंजे माझा लेक, आन् तेचे अप्पा मंजे माझे मालक, बिराप्पा. तेंच्या हाताला गुण व्हता. भालकीकडून माणसं यायची, शेळी घेऊन, कुत्रं पोत्यात घालून, कुणाकडून कदी नारळ बी घेतला न्हाई, मनायचे, मुक्या जिवाचं काय घ्यायचं.

मग पोरं शाळेला, रानं समदी तारेनं बंद, मेंढरं चारायची कुठं, इकली. व्यापाऱ्यानं टेंपोत घातली आन् आमचा कुत्रा टेंपोच्या मागं पळत गेला. करिया तेचं नाव, कन्नडात करिया मंजे काळा. गेला मनलं हा बी. दिवस मावळायला आला परत, जीभ बाहेर, पाय सोललेले, आन् सरळ अप्पाजवळ जाऊन बसला. अप्पानं तेचे पाय धुतले, हळद लावली, आन् मला मनले, नागे, एवढाच राहिला बग आपला कळप. त्या दिवसापून दोघं एका जागी. ते कट्ट्यावर गेले की हा कट्ट्यावर, ते खाटंवर तर हा खाटंखाली.

आता पायाचं सांगते. अप्पाला शुगर व्हती, कळलं उशिरा. बाभळीचा काटा मोडला तळपायात आन् तेन्ला कळलाच न्हाई, शुगर असली की पाय बधिर व्हतोय मने. मला दिसला तवा जखम पडलेली. मी मनलं दवाखान्याला चला. मनले, कामून? एवढ्या जनावरांच्या बऱ्या केल्या, माझी एक व्हत न्हाई का? मग मी वाटायलेय आन् ते आपलाच पाय मांडीवर घेऊन बांधायलेत. आन् करिया जवळ बसून चाटायचा. मी हाकलायची तर मनायचे, राहू दे, कुत्र्याच्या जिभंत औषध असतंय. आमच्यात समदेच मनत्यात तसं.

काय सांगू तुमाला, बोटं काळी पडली. वास येऊ लागला. त्यो वास मी कसा सांगू, वाटलेल्या पाल्याच्या, हळदीच्या खालून यायचा. मल्लूनं जबरदस्तीनं बीदरला नेलं. तिथले डॉक्टर मनले, पाय काढावा लागतंय, न्हाई तर माणूस जातंय. अप्पानं फडकं परत पायावर ओढलं. मग मनले, मी चालणारा माणूस, बिनपायाचा खाटंवर पडून काय करू, मला घरी न्या. मल्लूनं हातापाया पडून बगितलं. मी बी रडले. न्हाईच मनले. घरी आणलं, ताप चढला, आन् गेले.

मल्लू रडला न्हाई. माती देऊन आला, पाहुण्यांना च्या दिला, समदं केलं, पर डोळ्यात पाणी न्हाई. दिवस झाल्यावर कुणी तरी बोललं, कुत्र्यानं चाटून चाटून इख भिनवलं त्या पायात. बोलणारा बोलून गेला, मल्लूच्या डोक्यात ते बसलं. करिया दिसला की दगड मारायचा. म्या मनलं, आरं, मुका जीव हाय, तेला काय कळतंय. मनला, अव्वा, तेचं नाव काढू नको माझ्यासमोर. आन् येक दिवस करिया अप्पाच्या रिकाम्या खाटंखाली जाऊन झोपला, ते मल्लूनं बगितलं, हातात खुरपं व्हतं, तसंच फेकलं. फुडच्या पायाला, ढोपरावर बसलं. करिया वरडला न्हाई ओ. तिथनं उठून माझ्यामागं येऊन हुबारला.

मग मी परत वाटायला बसले. आता बांधणारं कुणी न्हाई, मीच वाटायची, मीच बांधायची. लिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, समदं जसंच्या तसं. जखम वरून मिटली, खपली धरली, मला वाटलं झालं. पर करिया खाईना, पाय सुजून खांबागत. आन् येक दिवस खपली निघाली आन् त्योच वास आला, मी मघाशी बोलले ना, त्योच. वाटी तिथंच ठेवली. मी तशीच बाहेर गेले. मल्लू दुसऱ्याची पिकअप चालवतोय, गाडी धुयलालता. म्या मनलं, मल्लू, करियाच्या पायाला अप्पाच्या पायावाणी वास यायलाय. तेनं माझ्याकडं बगितलं. बादली ठेवली, आत आला, करियाला उचललं आन् गाडीत घातलं.

बीदरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई चांगली व्हती, करियाच्या डोक्यावर हात ठेवून बोलायची. मनली, अक्का, वरून मिटलं, आत पू राहिला, हाड सडलंय. पाय काढला तर जगंल. मल्लू भिताडाकडं बगायलाय. मालक कोण, मनली बाई. मालक तर गेलता. मग मीच मनले, काढा.

करियाला आत नेल्यावर मल्लूनं तिला इचारलं, बाई, माझ्या अप्पाला शुगर व्हती, पायाची जखम ह्यो चाटायचा, कुत्र्याच्या चाटण्यानं माणूस मरतंय का. बाई मनली, मी जनावरांची डॉक्टर, पर सांगते, जखम चाटू देऊ नये, घाण जाती. आन् शुगरवाल्याचा पाय शुगरनंच सडत असतोय, एकट्या कुत्र्यावर दोष घालू नका. एवढं मनली आन् आत गेली. मल्लू तिथंच भिताडाला टेकून खाली बसला आन् रडला. अप्पा, अप्पा करून. शेळ्या घेऊन आलेली माणसं बगायलती. मी तेचं डोकं पोटाशी धरलं. अप्पा गेल्यापून पहिल्यांदा रडला माझा लेक.

करिया हाय. तीन पायावर उड्या मारत अंगणभर फिरतोय, मल्लू कामावरनं आला की पहिलं तेला भाकर टाकतोय. मी बगते आन् मनात येतंय, अप्पा बी असेच बसले असते की खाटंवर, भाजीत मीठ कमी हाय मनून वरडले असते. चालले नसते, पर असते.

माणसं आजून येत्यात. मी धुऊन देते, किडे असले तर काढते, पर सूज असली, वास असला तर हात लावत न्हाई, दवाखान्याला न्या मनते. काही जण रुसत्यात, मनत्यात अप्पा असते तर बांधलं असतं. बांधलं असतं, व्हय.

ताई, तुमी लिवून घेयलालाव तर एवढं लिवा. घरात कुणी पाय लपवून बसलं असलं तर गोड बोलून न्या, भांडून न्या, पर न्या. तुमच्या घरचं माणूस दवाखान्यातनं घरी येऊ दे, कसं बी येऊ दे, काठीवर येऊ दे.