पिलांवरची मरळ

मंडळी, नाम घेऊन झालं, आता जरा मोजदाद करू. आडकू मारबते नावाच्या ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, टोपलीत अकरा गळ होते. चार बारीक, रोहूचे. रोहूला भाजलेल्या कोंड्याची गोळी लागते. दोन कतल्याचे – कतला वरच्या पाण्यात चरतो, म्हणून तरंगा गळाच्या जवळ बांधायचा. तीन वाघुराचे – त्याला गांडूळ हवं, आणि तेही तळाच्या चिखलात. आणि दोन मोठे, जाड दोरीचे. ते मरळीचे. मरळीला बेडूक, तोही जिवंत. चार, दोन, तीन, दोन. झाले अकरा? झाले.

माळकरी मंडळींनी उपरणं नाकाला लावू नये. गोष्टीला वास नसतो.

आता मला सांगा – मासा गळाला लागतो तो कशापायी? बोला की. ...लोभापायी. बघा, खांबाजवळून उत्तर आलं. आम्ही कीर्तनकार हेच सांगतो. मी स्वतः एकोणीस कीर्तनांत सांगितलं. विसावं झालं आणि हा आडकू पाया पडायला आला. म्हणाला, "महाराज, तुमी कदी मरळ धरली का जी?"

"नाही."

"मंग अर्धंच सांगता."

उरलेलं अर्धं आज सांगतो. घसा बसलाय, सप्ताहाचा पाचवा दिवस आहे, तेव्हा जरा जवळ सरका. मृदंगवाले, तुम्हीही हात टेका. या गोष्टीला ठेका नाही.

आडकूचं वय त्रेसष्ट. लेक दुर्पता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतपणात रक्त फार गेलं. नर्सबाईनं बोटाला सुई टोचली, रक्ताचा आकडा सांगितला – सात पॉइंट दोन. गोळ्या दिल्या. म्हणाली, "उठून बसली की चक्कर येते ना? जपा." दुर्पता बाळाला पाजायला बसायची आणि भिंत धरायची.

आडकूची बायको सायत्रा म्हणाली, "गोळ्या घेईल ते. पण मरळ आणा. मरळीच्या रश्शानं रक्त भरते."

भरतं का? मला माहीत नाही. सायत्राबाईला माहीत होतं, आणि घर तिचं होतं.

मग निघाला आडकू. श्रावणातला तलाव, गुडघाभर पाणी, डोक्यावर ऊन. दोरीला बेडूक लावायचा, पाणवेलीच्या कडेनं टपटप नाचवायचा, उचलायचा, पुन्हा टाकायचा. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, काही नाही. चौथ्या दिवशी पायाची कातडी पांढरी पडली. सहाव्या दिवशी शेजारचा टोमणा – "आडकूबा, बेडूक थकला असन, त्याले तरी सुट्टी द्या." सातव्या दिवशी बांधावर बसल्या बसल्या डोळा लागला. आठ दिवस, मंडळी. साधन बरोबर, आमिष बरोबर, जागा बरोबर. मासाच नाही.

आठव्या दिवशी दिसलं. पलीकडच्या कोपऱ्यात, कमळाच्या पानांमध्ये, पाणी भात शिजल्यासारखं खदखदत होतं. लालसर पिलं, शेकडो, एकाच गोळ्यात वर यायची, श्वास घ्यायची, खाली जायची. आणि खाली, त्यांच्या बरोबर खाली, काळी पाठ.

ढिवराचं पोर दहाव्या वर्षी हे शिकतं – पिलांवरची मरळ हमखास लागते. तिचं पोट भरलेलं असो की रिकामं. बेडूक पिलांच्या मध्ये टाकायचा. ती त्याला खायला येत नाही. हाकलायला येते. हाकलायला तिच्याजवळ तोंडाशिवाय दुसरं काय आहे?

आडकूनं बेडूक टाकला. काळी पाठ वळली. तोंड बंद ठेवूनच तिनं बेडकाला धक्का दिला. आडकूनं दोरी जरा ओढून पुन्हा सोडली. ती पुन्हा आली, या वेळी तोंड उघडून –

आणि आडकूनं दोरी वर उचलली.

बेडूक सोडवला. गळ टोपलीत ठेवला. घरी आला.

"दिसली?" सायत्रा.

"दिसली. पिलांवर होती."

"मंग तं सोपी होती."

"हाव. लयच सोपी."

"मंग रिकामे काहून आले जी? आत लेक पडली हाय तुमची. थे मासोळीची पिलं मोठी झाली तुमाले?"

 आडकू ओसरीवर बसून पाय पुसत राहिला. त्याला राग आला नाही. बाई खरंच बोलत होती.

आतून दुर्पता म्हणाली, "आई, पुरे वो. त्याइचे पाय पाहा आधी." मग बापाला, "बाबा, मले वाघूर चालते."

आडकू उठला. त्यानं वाघुराचे तीन गळ घेतले, डबाभर गांडुळं घेतली, आणि जवळच्या चिखलात जाऊन बसला. दिवे लागायच्या आत एक वाघूर आणला. सायत्रानं तोंड वाकडं करून शिजवला, पण शिजवला. पुढं रोज तेच. गोळ्या आणि वाघूर.

मी आडकूला विचारलं, "दोरी का उचललीस रे?"

म्हणाला, "थकलो होतो महाराज."

म्हटलं, "आडकूबा, हे उत्तर कीर्तनात चालत नाही."

म्हणाला, "मंग दुसरं लावा."

मी दुसरं शोधलं, मंडळी, बरेच दिवस. लावलं नाही. आठ दिवस लेकरासाठी पाण्यात उभा राहिलेला माणूस तो. समोर कोण आहे हे त्याला ओळखू आलं असेल, किंवा नसेल.

आता तुमच्याकडे वळतो. लोभानं गळाला लागणारे तुम्हाला माहीत आहेत, त्यांना हसताही येतं. पण ज्याचं लेकरू घरी तापानं फणफणलंय, तो मजूर तुमच्या दारात आला, की तुम्ही टोपलीतून कोणता गळ काढता? आज तो पडेल त्या मजुरीला हो म्हणणार, हे तुम्हाला ठाऊक असतं. सोपं असतं ते. लयच सोपं. उत्तर मला नको. घरी जाऊन आपापली टोपली मोजा.

नर्सबाईनं तेवीस दिवसांनी दुर्पताच्या बोटाला पुन्हा सुई टोचली. आठ पॉइंट नऊ.