वरच्या मजल्यावरचा टब

नाही नाही, मूळव्याध नव्हे ताई, फिशर — तिथली कातडी चिरते, टाचेला भेग पडते ना, तशी — मला तरी कुठे माहीत होतं, मोठ्या जाऊबाईंनी परवा ऐकवलं, अगदी मास्तरणीसारखं, आणि तेही माझ्याच नवऱ्याबद्दल! आत्ता आत डॉक्टरांकडे कोण गेलंय यांच्याबरोबर? त्याच. फाईल त्यांच्या हातात, आणि पिशवी सांभाळत मी बाहेर. 'वहिनींना सगळं ठाऊक आहे, तू बस' — म्हणाले हे. बसले. तुम्हीही एका अंगावर रेलून बसलात म्हणून ओळखलं हो, लाजू नका — हेही महिनाभर तसेच बसायचे, आणि मी आपली, कंबर धरली असेल, शेकून देऊ का?

रोज सकाळी शौचाला जाऊन आले की हे तडक वरच्या मजल्यावर, भावाकडे — पेपर वाचायला म्हणे. पाऊण तास! खाली यायचे ते चेहरा शांत, टॉवेल ओला. आणि थोरले दीर तर सातलाच कामावर जातात. आता तुम्हीच सांगा, बाईच्या मनात काय यावं? मी काही संशयी नाही — एकदा फक्त जिन्यात उभी राहिले. दोनदा. तर आत पाण्याचा आवाज, आणि जाऊबाई दाराबाहेरून म्हणतायत, 'सोसेल इतकंच गरम घ्या हं, भाऊजी!' — तशीच पाऊल न वाजवता खाली आले मी.

टब होता. कोमट पाण्यात बसायचे हे, दहा-पंधरा मिनिटं; बाकीचा वेळ पाणी तापायला. शौचाच्या वेळी काचेनं कापल्यासारखं, वर लालभडक रक्ताचे थेंब, मग दोन तास नुसती आग. जाऊबाईंना बाळंतपणानंतर झालं होतं म्हणे, म्हणून त्यांना सांगितलं. माझ्याकडे टब नव्हता? कपडे भिजवायचा आहे की निळा, त्यांच्यापेक्षा मोठा!

मला का नाही सांगितलं? तेच तर. माझा नेम आहे, ताई. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, संध्याकाळी एकदाच कोरडं खाणं, वर्षभर — यांना कसलंही दुखणं येऊ नये म्हणून. हे म्हणाले, तू एकटीच का, मीही पाळतो. केवढी मिरवले मी! जाऊबाईंपुढे तर मुद्दाम — 'तुमचे पाळतात का हो?' चार महिने झाले. पाणी नाही, भाजी नाही, फळ नाही — मग पोटात खडा होतो, कुंथावं लागतं, आणि तो चिरत जातो. म्हणजे — म्हणजे मीच की हो. हे बोलले असते तर माझा नेम मोडला असता, म्हणून गिळलं त्यांनी.

बरं होतं म्हणतात, सहा-आठ आठवड्यांत. मलम, शौच मऊ करणारी पावडर, सालासकट फळं, भरपूर पाणी; नाहीच भरलं तर छोटं ऑपरेशन. देव काही एवढा कोता नसतो, समजून घेईल.

ताई, तुमची ती बाटली — भरलेली आहे ना? द्या इकडे. यांच्यासमोर आधी मी पिणार, मग त्यांना देणार. मी. जाऊबाई नाही — दार वाजलं. सरका हो जरा, आणि आता बोलू नका माझ्याशी.