वळणावरचा हॉर्न

तिकिटाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या पोरीचं आणि म्हाताऱ्याचं बोलणं मागे उभ्या असलेल्या एका नर्सबाईंच्या कानावर पडत होतं.

“आजोबा, या मेट्रोला सगळे हाळीवाली का म्हणतात? आवाज तर काहीच करत नाही.”

“आता ड्रायव्हरच नाही ना तिला, मुकी झाली बिचारी. मी चालवायचो तेव्हा घरामागच्या वळणावर लांबलचक हॉर्न द्यायचो. शेवटची फेरी आहे, चहाचं आधण ठेव, असं बायकोला कळवायला. लोक म्हणायचे, निघाली बघा हाळी देत. तेच नाव पडलं.”

“किती गोड! आजी अजून ठेवतात आधण?”

“रोज ठेवते. मग दारात कान देऊन उभी राहते. मी म्हणतो, अगं, आलोय मी. तर म्हणते, आमच्या ह्यांचा हॉर्न अजून वाजला नाही. तुम्ही कोण?”