सावद्याच्या लग्नातले दोन बँड

हसू नका भो, ताईच्या लग्नाचा मुहूर्त माझ्यापायीच टळणार होता.

सावद्याला लग्न. आमच्याकडून नानांचा बँड, नवरदेवाकडून धुळ्याच्या आबांचा. दोघं मास्तर म्हातारे, पण दोघांना एकत्र ऐकायला आख्खं गाव गोळा झालेलं.

मी नानांच्या कानाला लागलो, "आबा म्हणतात, तुमच्या क्लॅरनेटातून आता नुसती हवा निघते."

मग आबांकडे पळालो. "नाना म्हणतात, तुमचा दम येताना वाटेत सोनगीरलाच संपला."

"अस्सं? मना छातीमा अजून दम शे!" आबांनी ट्रंपेट तोंडाला लावला.

मग काय! दोघं समोरासमोर, गाल फुगलेले, कोणी थांबेना. नवरदेवच घोड्यावरून उतरून नाचायला लागला. मंडपात भटजी एकटे. मुहूर्ताला पाच मिनिटं राहिली तेव्हा बापाने माझा कान पिरगाळला, "हे तुझंच काम! बंद कर, नाहीतर आज घरात पाय ठेवू नको."

मी दोघांच्या मधे घुसून ओरडलो, "आबा, नाना, मी खोटं बोललो!"

वाजणं थांबलं. बापाने नवरदेवाला ओढतच मंडपात नेलं, कशाबशा अक्षता पडल्या.

जेवणं झाल्यावर मी माफी मागायला गेलो, तर दोघं एकाच डब्यातला विडा खात बसलेले.

नाना म्हणाले, "माफी कशाची? दर लग्नात तुझ्यासारखा एक येतोच. नाही आला तर आम्हीच एखाद्याला शिकवून पाठवतो."

आबा म्हणाले, "पण पोरा, तू भलता उशीर केला. आम्ही वाट पाहून दमलो होतो."