ग्रामसेवकाच्या पोरीच्या लग्नातला धूर

अबे, मच्छराचं नाव काढलं तं ऐका मंग. तवा माह्या मायले डेंगू होता. म्या ग्रामसेवकाले रोज फोन करून राह्यलो, "साहेब, मच्छराच्या धुराची मशीन गल्लीत फिरवा ना." त्याचं एकच, "मशीन बिघडली, वाशीमले दुरुस्तीले टाकली."

मंग वाशीमलेच त्याच्या पोरीचं लग्न निघालं. साऱ्या गावाले आवतन होतं, म्या बी गेलो. नवरा-नवरी स्टेजकडं येऊन राह्यले अन् त्याइच्या पायाशी पांढरा धूर सुटला. लोकं मोबाईलवर शूटिंग करून राह्यले, मले मात्र वास वळखू आला. पाह्यतो तं खांबामागं पंचायतीचा शिपाई, अन् त्याच्या खांद्यावर आमच्याच पंचायतीचं नाव लिहेल मशीन. धुरानं नवरी बिचारी खोकून राह्यली.

आहेर देता देता म्या इचारलं, "साहेब, मशीन सुधरली वाटते?"

तो हासत म्हणे, "चालते का नाही, तेच पाहून राह्यलो."

"मंग उद्या आमच्या गल्लीत आणता?"

"उद्या कुठून? औषध तं सारं इथंच संपलं."

आता तुमीच सांगा, गल्लीत धूर पाह्यजे तं कोणाचं लग्न लावू?