फाळक्यावरचं नाव

(१९७४. कोल्हापूर, उद्यमनगर. आकाराम मिस्त्रीच्या वर्कशॉपच्या दारात गावच्या सोसायटीची जुनी ट्रॉली उभी आहे, ताज्या रंगात. तिच्या मागच्या फाळक्यापुढं, म्हणजे उघडझाप होणाऱ्या मागच्या पत्र्यावर रंगवलेल्या नावापुढं, सोसायटीचे चेअरमन बाळासो आणि सेक्रेटरी यज्ञेश्वर.)

बाळासो : न्हाय न्हाय, हे न्हाय चालायचं. 'मा. चेअरमन' एवढं हातभर काढलंय आन् 'बाळासो' तितं कडंला कोंबलंय. मागनं येणाऱ्या पब्लिकला कळाय नगं, कुठला चेअरमन ते?

आकाराम : ते पिराजी पेंटरला इचारा. मी म्हनत हुतो, आधी चाकं काढाय द्या, मंग रंगवा. तुमी आधी पेंटरच धाडला. चाकाचं गंजकं नट सुदीक चांदीगत करून गेलाय त्यो.

बाळासो : मंग? झ्याक दिसाय लागलीया की! सा वर्सं चिंचंखाली पडलीती, कोंबड्या अंडी घालत हुत्या तिच्यात. आता बघ, नवरीवानी नटलीया.

यज्ञेश्वर : तसा रीतसर ठराव आहे, मिस्त्री. 'सोसायटीच्या मालकीची ट्रॉली दुरुस्त करून चैत्र यात्रेस गावातील माताभगिनींना जोतिबा दर्शनासाठी विनामूल्य नेण्यात यावे.' सूचक चेअरमनसाहेब. अनुमोदक चेअरमनसाहेबांचे मेहुणे.

आकाराम : 'दुरुस्त करून' म्हनलंय न्हवं? मंग करू द्या की दुरुस्त! सेक्रेटरीसाब, ठरावात चाकाबद्दल काय लिवलंय?

यज्ञेश्वर : चाकाचा स्वतंत्र उल्लेख नाही. रंगाचा आहे. 'शोभेल असा.'

बाळासो : आकाराम, लई टकुरं खाऊ नगंस. पाच दिसांवर पुनव आली. काय मोडलंय ते एकदा सांग आन् मिटवून टाक.

आकाराम : पंधरवडा झाला तेच सांगतोय! डाव्या अंगाच्या स्प्रिंगच्या पाट्यातली दोन पानं तुटल्यात. पाट्याला अॅक्सल धरून ठेवणाऱ्या बोल्टांचं आटं गेल्यात. चाकाला सहा नट पायजेत, तितं चार हाईत. ट्रॅक्टरला जोडायची पिन तर पिनच न्हवं, स्लॅबची सळई घातलीया कुणीतरी. आन् ब्रेक ट्रॉली जन्मली तवापास्नं न्हाय.

बाळासो : ट्रॅक्टरला हाय की ब्रेक.

आकाराम : जोतिबाचा डोंगर चढताना काय वाटायचं न्हाय ओ. उतरताना? चाळीस बायकांचं वजन मागं, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलतच खाली न्हेनार. सा वर्सांमागं वारणानगरला ऊस घालाय निघालीती, तवा सपाट रस्त्याव पिन निसटली आन् उसासकट ओढ्यात गेली. ऊस हुता म्हणून भागलं.

बाळासो : तवा मी चेअरमन न्हवतो.

यज्ञेश्वर : त्या वेळच्या संचालक मंडळानं 'ऊस ओढ्यात उतरवून घेतला' अशी नोंद केलेली आहे. अपघात असा शब्द दप्तरात कुठंही नाही.

आकाराम : दप्तरात नसंल, ओढ्यात अजून सापडतोय त्येचा पत्रा. बरं, ऱ्हाऊ द्या. माज्या वर्कशॉपचा एक रिवाज तुमास्नी ठावं हाय न्हवं? ट्रॉलीत वाळूची पोती भरायची, मालकाला वर बसवायचं आन् टेंबलाईच्या उतारावनं एक फेरी मारायची. मालक हसत उतरला तर ट्रॉली पास. वाळू भरून ठेवलीया. चला, चढा वर.

बाळासो : आज? आज न्हाय जमायचं. कंबरंत उसण भरलीया माज्या.

यज्ञेश्वर : साहेबांनी काल सकाळी तालमीत दोनशे जोर मारले.

बाळासो : त्यातच भरली! सेक्रेटरी, तुमाला कुणी इचारलं? त्यो दाखला काढा बघू बाहेर.

यज्ञेश्वर : हा घ्या. 'सदर ट्रॉली आमच्या देखरेखीखाली दुरुस्त झाली असून माणसे वाहण्यास योग्य व सुस्थितीत आहे.' मिस्त्री, इथं सही करायची. तारीख मी पुढच्या आठवड्याची टाकलीय, म्हणजे घाई झाली असं दिसणार नाही.

आकाराम : पुढच्या आठवड्याची? तोवर यात्रा हून जाईल की!

यज्ञेश्वर : दप्तराच्या दृष्टीनं अडचण नाही.

आकाराम : न्हाय करत सही.

बाळासो : का रं? लई मोठा झालास उद्यमनगरात येऊन? गावच्या सोसायटीचं काम मिळतंय तुला, त्येचं काय न्हाय? दुसऱ्या मिस्त्रीकडं न्हेतो मी ट्रॉली.

आकाराम : न्या. खुशाल न्या. आई गेली तवा मी आठ वर्सांचा हुतो, चेअरमन. वरीसभर तानाबाईनं जेवाय घातलं मला, तिच्या पोरांच्या ताटातलं काढून. ती बी निघालीया यात्रेला. त्या तानाबाईला सळईच्या भरवशाव डोंगरावनं खाली सोडू? हात तोडला तरी सही न्हाय व्हायची!

बाळासो : आरं, एवढं तापाय काय झालं? आषाढात सोसायटीची निवडणूक हाय. देवळात माईक धरून शब्द दिलाय मी. आता 'ट्रॉली न्हाय' म्हनलं तर तोंड काळं हुईल माजं. न्हाय तर न्हाय, पिराजीची घेतो सही. त्यो बी कारागीरच हाय.

यज्ञेश्वर : घेता येईल. दाखल्यात 'कारागिराची सही' एवढंच आहे. कसला कारागीर, ते विचारलेलं नाही.

आकाराम : धन्य हाय! मंग न्हाव्याची बी चालंल की!

बाळासो : हास, हास तू. गाव माज्या मागं हाय का तुज्या, ते आत्ता कळंल. सेक्रेटरी, किती नावं आली बायकांची?

यज्ञेश्वर : एक्केचाळीस. ट्रॉलीत बसतील पंचवीस. बाकीच्यांना मी 'सरकून घेणे' असा शेरा मारलाय.

बाळासो : वाचा. मोठ्यानं वाचा, ऐकू दे ह्याला.

यज्ञेश्वर : एक, श्रीमती बयाबाई, वय सदुसष्ट. दोन, तानाबाई, वय साठ. तीन, धोंडुबाई, सोबत नात. चार...

बाळासो : थांबा, थांबा. पैली बयाबाई कोण? वरच्या आळीची व्हय?

यज्ञेश्वर : नाही साहेब. आपल्या मातोश्री.

बाळासो : आई? आई माज्यासंगं जीपंतनं येनार हाय. खोडा ते नाव.

यज्ञेश्वर : मी तेच सुचवलं होतं. पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, 'लेकानं देवळात सांगितलंय, ट्रॉली भक्कम हाय. मीच जीपंत बसले तर बाकीच्या बाया काय समजतील?' यादीवर पहिला अंगठा त्यांनीच उठवला. जागासुद्धा धरून ठेवलीय, अगदी मागं, फाळक्याला टेकून.

बाळासो : मागं कशाला?

यज्ञेश्वर : मीही विचारलं. म्हणाल्या, 'बाहेरनं लेकाचं नाव हाय न्हवं, तितंच पाठ टेकते.'

आकाराम : का ओ, चेअरमन? टेकू द्या की पाठ.

बाळासो : न्हाय, आईला असलं हादरं सोसायचं न्हाईत. तिचं गुडघं दुखत्यात.

आकाराम : गुडघ्याचं नगा सांगू मला. तानाबाईचं बी दुखत्यात.

बाळासो : आईला मी सांगतो समजावून. आज घरी गेलो की सांगतो, तू जीपंत बस म्हणून.

आकाराम : काय सांगनार? ट्रॉली भक्कम हाय, पर तू बसू नगंस?

बाळासो : लई टोचून बोलाय लागलास तू.

आकाराम : बोलनार! पंधरा दिस झोप न्हाय मला. डोळा लागला की ती ट्रॉली उतारावनं येताना दिसतीया. खरं सांगा, भ्या वाटाय लागलं न्हवं?

बाळासो : वाटाय लागलं, लेका.

यज्ञेश्वर : साहेब, हे लिहून घ्यायचं का?

बाळासो : गप बसा वो तुमी! आकाराम, ते बोल्ट कुठलं म्हनलास? अॅक्सलचं?

आकाराम : डाव्या अंगाला, आत. खाली निजल्याशिवाय दिसायचं न्हाईत. ह्ये पोतं घ्या अंगाखाली.

यज्ञेश्वर : साहेब, कपडे! पांढरे आहेत! चार वाजता संचालकांची बैठक आहे, खाली सगळं ग्रीस...

बाळासो : धरा ही टोपी. सरक आकाराम, उजेड आडवू नगंस. ह्यो का?

आकाराम : त्येच्या शेजारचा. पाना नगं. नुस्ता हात लावून बघा.

बाळासो : आकाराम... ह्यो तर दोन बोटांनी फिरतोय की रं.